चक्रीचं पिस्तूल कोण नेणार

माझ्या सासऱ्यांकडे चक्रीचं पिस्तूल होतं. धाकटा दीर नागपुरात शिकून आला तो नव्या तऱ्हेचं, आपोआप भरणारं पिस्तूल घेऊन. कोणतं भरवशाचं, यावरून दोघांचं रोज वाजायचं. मला दोघंही आवडत नव्हते, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायचं मला कारण नाही.

चक्रीच्या पिस्तुलात काडतुसं गोल चक्रीत बसतात. एक पेटलं नाही तर चाप पुन्हा ओढायचा. चक्री फिरते आणि पुढचं समोर येतं. दिराच्या पिस्तुलात काडतुसं मुठीत एकावर एक रचलेली. बार झाला की वरचं लोखंड मागं सरकतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकतं आणि पुढचं काडतूस ओढून घेतं. बार जास्त, आणि भराभर. पण ते लोखंड अडलं की सगळंच अडलं.

हे भांडण नुसत्या हौसेचं नव्हतं. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि तिचं सासर देऊळगाव राजाच्या पलीकडं, निजामाच्या हद्दीत. त्या दिवसांत तिकडच्या वाटेवर गाड्या लुटत. दसरा झाला की माझ्या नवऱ्यानं बैलगाडी घेऊन तिला आणायचं, असं ठरलं होतं. तो कोणाला नाही म्हणत नसे, म्हणून जोखमीचं काम निघालं की त्याच्याच गळ्यात पडे.

दसऱ्याला सासूबाईंनी दोन्ही पिस्तुलांची पूजा केली. तेल, हळदकुंकू, अक्षता, सगळं भरभरून वाहिलं. दसऱ्याचं कुंकू हत्यारावरून लगेच पुसायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दोन्ही पिस्तुलं तशीच उघडी गाडीत ठेवायला लावली, गाडी दुसरबीडच्या रस्त्यानं धुळीतून फिरवून आणली आणि खळ्यामागच्या बांधावर बार करून पाहिले.

सासऱ्यांचा पहिला बार झाला. दुसरं काडतूस फुसकं निघालं. त्यांनी चाप पुन्हा ओढला, तिसरं वाजलं. दिराचा पहिला बार मोठ्या दिमाखात झाला आणि पुंगळी बाहेर पडायच्या तोंडातच अडकली. धूळ, तेल आणि कुंकवाचा आत चिखल झाला होता. त्यानं दोन्ही हातांनी ओढून ती काढली, पुन्हा बार केला, पुन्हा तेच. गडी तोंड फिरवून हसायला लागले.

दीर चिडून म्हणाला, बायांनी कुंकू फासलं, त्यात पिस्तुलाचा काय दोष?

"आईचं कुंकू सोसत नाही त्याले," सासरे म्हणाले, "अन् रस्त्याची धूळ सोसन काय बे?"

मला वाटलं, झालं, निकाल लागला. संध्याकाळी सासऱ्यांनी दिराचं पिस्तूल रिवाज मोडून पुसून घेतलं आणि माझ्या नवऱ्यापुढं ठेवलं. चक्रीचं घरी राहील म्हणाले, घराला राखण लागते. नवऱ्यानं पुढं ठेवलेलं मुकाट उचललं.

सासऱ्यांशी सून बोलत नसे. काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. मी पदर ओढला, ओसरीवर आले आणि नवऱ्याकडं हात करून म्हणाले,

"मामाजी, वाजते ते तुमच्या उशाखाली, अन् अडते ते यायच्या कमरेले. पोरगी तुमची हाय. तुमीच जा."

सासूबाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं. वहिनीला चार बुकं शिकवली तीच चूक झाली, असं दीर मागून म्हणत होता. अंगणात गडी बैल बांधत होते, त्यांनी सगळं ऐकलं. सासऱ्यांना माझ्या बोलण्यापेक्षा तेच जास्त झोंबलं असावं. गाडी निघायच्या दिवशी पाहते तर ते स्वतःच गाडीत बसलेले, चक्रीचं पिस्तूल कमरेला. नवऱ्याला म्हणाले, तू राहा घरी.

ते नणंदेला घेऊन परत आले. वाटेत एका नाल्याजवळ माणसं आडवी आली, बाबांनी हवेत बार केले तेव्हा पळाली, हे नणंदेनं सांगितलं. पुढं मरेपर्यंत सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पाय धर, माफी माग, असं सासूबाई किती वेळा म्हणाल्या. मी धरले नाहीत. नवरा जिवंत घरात होता, मला तेवढंच पाहिजे होतं.