पाहुण्यांच्या गोलात एइनो

एइनो रंतानेन पाइक फॉल्सच्या आमच्या आइस हॉकी संघात पंधरा वर्षं होता, पण खेळाडू म्हणून नाही. तो स्केटच्या पात्यांना धार लावायचा, सुजलेले गुडघे चोळायचा आणि सरावाला गोलकीपर कमी पडला की जाळ्यापुढे उभा राहायचा. खाणीतल्या स्फोटात त्याचा डावा कान गेला होता. आमचे मॅनेजर त्याला बहुधा त्यामुळेच सहन व्हायचे.

१९५१च्या मार्चमधला शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरी. नाहीतर हंगाम संपला, आणि आम्ही अर्धेजण पुन्हा खाणीत. एक-एक अशी बरोबरी असताना आमचा कप्तान गास्पार याचा फटका पाहुण्या गोलकीपरच्या गालावर बसला. हाड मोडलं. त्या काळी कुणीच दोन गोलकीपर बाळगत नसे. पाहुण्यांचा जायबंदी झाला तर बदली यजमानांनी द्यायचा, असा नियम. आमच्याकडे देण्यासारखा एकच माणूस होता.

एइनोने त्यांचा रक्ताळलेला हिरवा स्वेटर अंगात चढवला.

"म्हाताऱ्या, खुशाल झोप तिथे," गास्पार ओरडला. "गोल झाला की उठवतो तुला!"

एइनो जाळ्याकडे निघाला. ऐकू आलं नसेल, असं आम्ही धरून चाललो.

त्याने एकही गोल होऊ दिला नाही. कोण कुठल्या पायावर रेलतो हे आमच्या आयांनाही माहीत नव्हतं. त्याला ते झिजलेल्या पात्यांवरून कळलं होतं. शेवटच्या मिनिटाला मी एकटाच त्याच्यासमोर आलो. मी उजवीकडे वळणार हे मला कळायच्या आत तो तिथे होता. चकती त्याच्या खांद्यावर आदळून वर गेली. बरोबरीतच सामना संपला. आमच्याच चिडलेल्या लोकांनी त्याच्यावर पायातले रबरी बूट फेकले.

पाहुण्यांनी त्याला बिअरला बोलावलं. तो गेला नाही. आमच्या खोलीत आला, स्वेटर काढला आणि फडक्याने पाती पुसायला बसला.

"एक सोडायचास ना, एइनो," मी म्हणालो. "एकच."

"सोडला असता. मग पुढच्या हंगामात धार लावताना माझ्या हातांवर नजर ठेवून बसला असतास तू."

"पुढचा हंगाम कुणाला मिळतोय!"

त्याने खांदे उडवायला पाहिलं. दुखरा खांदा त्याला वर उचलता येत नव्हता.

गास्पार उठला. शिव्या पुटपुटत त्याने मलमाची डबी शोधली आणि एइनोच्या मागे जाऊन उभा राहिला.

"शर्ट काढ," तो म्हणाला. "हलू नकोस, गाढवा."