मशीनचा पाहुणचार

भागीरथाबाई बोलताना मध्येच थांबायची. अर्धं वाक्य, मग श्वास, मग राहिलेलं वाक्य. नवख्या माणसाला वाटायचं, बाई तोलून-मापून बोलते. तोलून-मापून कसलं डोंबलाचं, तिला दम पुरत नव्हता. पण त्यामुळे आमच्या आंजी गावभर तिचं नाव समजूतदार म्हणून झालं, आणि तिनंही ते होऊ दिलं.

माझं किराण्याचं दुकान आणि लक्ष्मणरावांचं घर यांची भिंत एकच. ते कास्तकार, आम्ही तराजू धरणारी माणसं. भागीरथाबाई लक्ष्मणरावांची बायको, माहेर अल्लीपूरचं. तिला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं मला राखी बांधली. तेव्हापासून मी तिचा ताराचंदभाऊ. नातं फुकटात मिळालं, पण मी ते कधी स्वस्त मानलं नाही.

तिचं सैपाकघर म्हणजे गोठ्याला पाठ लावून काढलेली कोंदट खोली. वर कवेलूंचं मातीचं छप्पर, खिडकी नाही. जळतण म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतातली वाळलेली झाडं उपटून आणायची आणि वर्षभर चुलीत घालायची, आमच्याकडे घरोघरी तेच. उन्हाळ्यात ती बरी जळते, पण पावसाळ्यात ओल धरली की जळत नाही, नुसती धुमसते. भागीरथाबाई फुंकणी घेऊन तिच्याशी भांडत बसायची. बाहेर आली की पदरानं डोळे पुसायची आणि वर हसून म्हणायची, "सासू मेली, पन ही चूल काई मरत नाई."

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात गावात मंजुषा आली. नागपूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातून चुलीच्या धुरावर संशोधन करणारी पोरगी, चोवीस-पंचवीसची असेल. आधी ग्रामपंचायतीत सभा झाली. सभेला आले कोण, तर आयुष्यात कधी चूल न पेटवलेले समदे बाप्ये. तिनं बिचारीनं फळ्यावर लिहून समजावलं. काही घरांत मशीननं धूर मोजायचा. खोली केवढी, खिडकी किती, जळतण कोणतं, हे सगळं गणितात बसवायचं आणि त्यावरून बाकीच्या घरांचा, आजूबाजूच्या गावांचा अंदाज काढायचा. ज्या गावांत धूर जास्त निघेल, त्यांना नळीची चूल आधी मिळेल. नळी छपराबाहेर, धूर वर, बाई मोकळी.

बाप्यांनी माना हलवल्या आणि घरी गेले. घरी जाऊन कोणी बायकोला काय सांगितलं ते देव जाणे. लक्ष्मणरावांनी एवढंच सांगितलं, "मशीन येऊन राह्यली आपल्या घरी. नंबर लागला त नयीची चूल भेटते."

नंबर लागला तर! आता गावात साहेब तपासायला आला की आम्ही काय करतो? सडा टाकतो, रांगोळ्या काढतो, शाळेतल्या पोरांना तेल लावून उभं करतो. नंबर म्हणजे चांगल्याचा नंबर, हेच जन्मभर पाहिलेलं. भागीरथाबाईला ती चूल फार हवी होती. राखीला यायची तेव्हा ओवाळता ओवाळता दोनदा थांबायला लागली होती. मला म्हणाली, "भाऊ, पोराचं लगन होईन, सून येईन. तिले त्या खोलीत नाई बसवाचं मले. एवढी चूल भेटली पायजे."

मंजुषा मशीन घेऊन आली. डब्याएवढं होतं ते. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकाशी येईल असं दोरीनं टांगायचं, मग ते घुर्र करत हवा ओढायचं. आत एक पांढरा कागद, त्यावर काजळी बसायची. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. तोलण्याचं काम म्हणून मला ते लगेच पटलं.

"मावशी, रोजच्यासारखाच स्वयंपाक करा," मंजुषा म्हणाली. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका."

"हाव बाई," भागीरथाबाई म्हणाली.

आता मला सांगा, कोणता पाहुणा असं म्हणत नाही? आणि कोणत्या घरी ते ऐकतात? पाहुण्यानं काही करू नका म्हणायचं आणि घरच्या बाईनं हाव म्हणून पुरण घालायचं, ही आमची रीत. ऐकलं तर उलट अब्रू जाते. भागीरथाबाईनं माळ्यावरचं बाभळीचं सुकं लाकूड काढलं. ते पाहुण्यासाठी आणि सणासाठी राखलेलं असतं, धूर जवळजवळ करतच नाही. तिनं खोली सारवली, मागचं दार सताड उघडं टाकलं, लक्ष्मणरावांना छपरावर चढवून चार कवेलू सरकवून घेतले. मशीनला हळदीकुंकू लावलं. मंजुषानं ते पाहिलं आणि तिला गंमत वाटली. मशीन होतं तितके दिवस त्या घरी पऱ्हाटी पेटली नाही, आणि पोरगी रोज तिथंच जेवली. जायच्या दिवशी भागीरथाबाईनं तिची खणानारळानं ओटी भरली. दोघी रडल्या.

पुढच्या वर्षी चुली आल्या, पण आम्हांला नाही. त्या गेल्या कारंजाकडच्या गावांना. मंजुषा मुद्दाम सांगायला आली, तोंडभर हसत. "मावशी, चांगली बातमी आहे. तुमच्या गावात धूर कमी निघाला. तुमच्या घरी तर फारच कमी."

भागीरथाबाईचा चेहरा पडला. पण पुढं जे झालं ते चूल न मिळण्यापेक्षा वाईट. तिनं मशीनवर विश्वास ठेवला. एवढी शिकलेली पोरगी, एवढं मोठं गणित, ते काय खोटं बोलेल? धूर कमी आहे म्हणजे आपला खोकला धुराचा नाही. मग तिनं दही सोडलं. मग केळी सोडली, मग चिंच. अंगारा लावला. कोणी म्हणालं, थंड्या पाण्यानं होतं, तर भर उन्हाळ्यात ऊन पाणी पीत बसली. मी म्हणायचो, "माय, धुरातून जरा बाहेर तर बस." ती मलाच समजवायची, "मशीननं पाह्यलं ना भाऊ. धूर नाई हाये माह्या घरी."

लक्ष्मणरावांना मी म्हटलं, गवंडी आणा, एक नळी बसवा, काय मोठं काम आहे? ते म्हणाले, "सरकारी येईन तवा पाहू." हे तवा पाहू, तवा पाहू करत आमच्याकडे माणसं सरणावर जातात.

पोराचं लग्न झालं, रीता आली. गुणाची पोरगी. दोन पावसाळे त्या खोलीत काढले आणि तीही खोकू लागली. सासूनं तिचंही दही बंद केलं.

मंजुषा परत आली ती दोन हजार पाच साली, श्रावणात. आता कॉलेजात शिकवत होती. कामासाठी नाही, जुनी ओळख म्हणून आली, आणि कोणाला न सांगता आली. गल्लीत चिखल होता म्हणून मागच्या दारानं शिरली. आत रीता ओली पऱ्हाटी फुंकत होती. मंजुषा तशीच उलटी फिरून माझ्या दुकानात आली. डोळ्यांतून पाणी.

"भाऊ, हे रोज असतं?"

"रोज नाही तर काय दिवाळीला? तुम्ही तर मोजून गेलात."

ती उठली आणि भागीरथाबाईपाशी गेली. मीही गेलो. भागीरथाबाई तेव्हा बाजेवर उशांना टेकून बसलेली असायची, आडवं झालं की श्वास बंद व्हायचा. मंजुषाला पाहून तिचं तोंड उजळलं. मंजुषानं हात धरून विचारलं, "मावशी, मी मशीन लावलं होतं तेव्हा चुलीत काय घालत होता तुम्ही?"

"बाभूय," ती अभिमानानं म्हणाली. श्वास घेतला. "पाहुना घरी असल्यावर पऱ्हाटी कोन जायते बाई? डोयात धूर जाते पाहुन्याच्या."

मी मंजुषाला डोळ्यानं खुणावलं, की गप्प राहा, आता सांगून काय उपयोग. पण शिकलेल्या माणसाला खरं बोलायची खोड असते. तिनं सगळं सांगितलं. धूर जास्त दिसला असता तर चूल मिळाली असती. आणि हे घर गणितात नमुना म्हणून धरलं होतं, पऱ्हाटी जाळणाऱ्या घराचा नमुना. त्यावरून पुढच्या कितीतरी गावांचा अंदाज काढला होता. सांगताना ती हुंदके देत होती.

भागीरथाबाईनं तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे माह्यापायी... साऱ्या बायायची चूल गेली?"

मला त्या पोरीचा इतका राग आला की काय सांगू. पण तेवढ्यात दारातून अन्नपूर्णा आत आली. समोरच्या घरची. तिच्याही घरी तेव्हा मशीन लागलं होतं. ती सगळं ऐकत उभी होती. म्हणाली, "तुह्या एकलीपायी काऊन वो? म्याबी सुकं लाकूडच जायलं व्हतं. साऱ्यायनंच जायलं. मशीनसमोर फजिती कोन करून घेईन?"

भागीरथाबाई तिच्याकडे पाहत राहिली आणि हसू लागली. अन्नपूर्णाही हसली. मग ते हसू खोकल्यात गेलं आणि तो खोकला लवकर थांबला नाही. थांबला तेव्हा ती मंजुषाला म्हणाली, "आता मोज."

मंजुषा म्हणाली, असं लगेच होत नाही, परवानगी लागते, सगळ्या घरांत नव्यानं मोजावं लागतं, वर्ष-दोन वर्षं जातात. भागीरथाबाई म्हणाली, मग निदान सुरुवात तरी कर. दुसऱ्या दिवशी मंजुषा नागपूरहून मशीन घेऊन आली. रीता चुलीकडे निघाली तर सासूनं तिला अडवलं. "तू नाई. तू लेकुरवायी व्हाची हायेस. मीच बसन."

लक्ष्मणराव आडवे आले, मी आडवा आलो. ती ऐकेल तर ना. तिनं मागचं दार स्वतः लावून घेतलं आणि ओली पऱ्हाटी चुलीत सारली. मशीन घुर्र करू लागलं. एक भाकर झाली. दुसरी तव्यावर टाकली आणि तिचा श्वास लागला. ओठ निळे पडले तरी ती फुंकणी सोडेना. मोजताना मध्ये पडायचं नसतं, मंजुषा आपल्या विद्यार्थ्यांना हेच शिकवत असणार. ती दाराशी मुठी आवळून उभी होती. मग तिनं दार ढकललं, मशीनची कळ बंद केली आणि भागीरथाबाईला कवेत घेऊन बाहेर अंगणात आणलं.

श्वास जरा खाली बसल्यावर भागीरथाबाई तिच्यावर रागावली. मी तिला रागावलेली तेवढी एकदाच पाहिली. "काऊन बंद केली मशीन? आता हेबी खोटंच भरन का?"

मंजुषा तिचे हात चोळत बसली.

दिवाळीनंतर भागीरथाबाई गेली. दोन वर्षांनी गावात नव्यानं मोजमाप झालं. या वेळी मंजुषानं सभा फक्त बायांची घेतली. मग चुली आल्या आणि पहिली मांडली ती रीताच्या घरी. पहिल्या दिवशी भाकरी झाल्या तशी तिनं सासऱ्याला जेवायला हाक मारली. लक्ष्मणराव अंगणात बसून छपरावरच्या नळीतून निघणारा धूर पाहत होते. तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा "हाव" म्हणाले, पण नळीवरची नजर काढून उठले नाहीत.