फोन न उचलणारा संशयित

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते. लाज कशाची, ते ओघात येईलच.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. तेव्हाचं औरंगाबाद चहूकडे पसरत चाललं होतं. काल बाजरी उभी होती तिथे आज प्लॉटिंगचे दगड. माझं ठाणं शहराच्या वेशीवर. हद्दीत नव्या कॉलन्या होत्या, तशी दौलताबादकडची गावंही होती. नळाला पाणी नव्हतं, म्हणून प्रशासनानं काही खासगी विहिरी अधिग्रहित केल्या होत्या आणि त्यांवर टँकर भरले जायचे. अशा तीन विहिरींवरच्या मोटारी तीन आठवड्यांत, भर दुपारी चोरीला गेल्या. मोटार गेली की टँकर थांबतो आणि टँकर थांबला की बाया हंडे घेऊन थेट ठाण्यात येतात. मी दगडफेकीसमोर उभा राहिलो आहे. रिकाम्या हंड्यांसमोर उभं राहणं त्याहून अवघड असतं.

तिसऱ्या, दौलताबादच्या विहिरीजवळच्या चहावाल्यानं खबर दिली की एक मेंढपाळ आपला कळप घेऊन या विहिरींच्या आसपास सारखा दिसतो. आमचे हवालदार जुन्या शहरात वाढलेले, वयानं पन्नाशीचे, पण नुकताच संगणकाचा चार दिवसांचा कोर्स करून आलेले. ते हातात नवं हत्यार आल्यासारखे फिरत होते. त्यांनी सुचवलं की चोरीच्या वेळी त्या त्या टॉवरखाली कोणते मोबाइल चालू होते, याची यादी कंपनीकडून मागवू. रीतसर पत्रं गेली, तीन याद्या आल्या. हजारो नंबर. त्यांतला एकच नंबर तिन्ही याद्यांत होता, आणि तो निघाला कन्नड तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा. खबर आणि यादी जुळली. आणखी काय हवं?

"साब, ये बंदा लई पक्का है," हवालदार म्हणाले. "दिन में आठ-दस रिंगा आते इसको, अलग-अलग नंबरों से. उठाताच नै. और खुद किसीको लगाताच नै."

मीही दोनदा नंबर लावून पाहिला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. सराईत गुन्हेगार असाच असतो, असं मी ठामपणे म्हणालो आणि खात्रीसाठी तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक नंबरावर फोन करून चौकशी करायचा हुकूमही सोडला. हा हुकूम लक्षात ठेवा.

मेंढपाळ त्याच्या गावात सापडला. तिथे तो कडबा बघायला आला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला तुटक. त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणलं.

"गेल्या रविवारी दुपारी तू विहिरीवर होतास," मी म्हणालो.

"नाय साहेब. कन्नडला पाहुण्याकडं व्हतो."

"तुझा फोन विहिरीजवळ होता."

"फोन व्हता. मी नव्हतो."

"मग फोन कुणाकडे होता?"

"मेंढ्याच्या गळ्यात."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांचं पेन थांबलं. मी टेबलावर हात आपटला. हा आपली टिंगल करतोय, अशी माझी समजूत झाली. पाहुण्याचं नाव-गाव त्यानं सांगितलं, पण ते पडताळायला मी माणूस पाठवला नाही. यादी हातात असताना पाहुण्याला कोण विचारतो? संध्याकाळपर्यंत त्यानं एकच विनवणी केली.

"साहेब, लई येळ बसवू नका. घरवाली येकटी हाय. बाईमानसाला टँकरवाले हौदापाशी येऊ देत नायत. दोन दिस पाणी नाय भेटलं तर मेंढरं पडतील."

मी उद्या अटक दाखवायचं ठरवलं आणि उस्मानपुऱ्यातल्या घरी जेवायला गेलो.

बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या ठाण्यातून फोन आला होता."

"कशाबद्दल?"

"गेल्या रविवारी दुपारी हा नंबर दौलताबादला काय करत होता, असं विचारत होते. मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय. तुमचा बंदोबस्त तर शहरात होता ना?"

माझ्या खासगी मोबाइलचं सिम तिच्या नावावर होतं. ठाण्याचा फोन आला तेव्हा मोबाइल घरी चार्जिंगला राहिला होता. हवालदारांनी इमानेइतबारे माझा हुकूम पाळला, बाईचं नाव वाचून फोन लावला, आणि तो उचलला साक्षात घरच्या मालकिणीनं. त्या रविवारी मात्र तो खिशात घेऊन मी दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका गाड्यावर मलई कुल्फी खात उभा होतो. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. कुल्फ्या तीन होत्या. सबंध नोकरीत मी लोकांकडून कबुल्या घेतल्या. माझी कबुली तिनं आमटीची वाटी पुढे सरकवत घेतली.

हसण्यावारी गेलं, पण मी जेवण अर्ध्यावर सोडून उठलो. त्याच दुपारी त्याच टॉवरखाली माझाही फोन होता. मला कुणी जीपमध्ये घातलं नाही. मला 'कुठे होता' असं विचारलं गेलं आणि माझं उत्तर मानलंही गेलं. मेंढपाळानं तर पहिल्याच झटक्यात खरं सांगितलं असेल, आणि मी ते तपासलंसुद्धा नव्हतं. मला माझीच चीड आली.

सकाळी त्याला जीपमध्ये घेऊन कळपाकडे निघालो. कोरड्या नाल्याच्या कडेला त्याची बायको उभी होती. तो जीपमधून उतरत म्हणाला, "लावा आता नंबर."

हवालदारांनी लावला. बाभळींच्या पलीकडे घंटी वाजली. एक दांडगा मेंढा मान वर करून आमच्या दिशेनं चालू लागला आणि त्याच्यामागे सगळा कळप. गळ्यात रेक्झिनची शिवलेली पिशवी, तिच्यात साधा बटणांचा मोबाइल.

"गळ्यातली घंटी मेंढा हालला तरच वाजती," मेंढपाळ म्हणाला. "फोन आपल्याला पायजे तवा वाजतो. रिंग दिली की कळप माघारी."

मिस कॉलला पैसे पडत नाहीत, आणि त्यांच्याकडे दुसरा फोन नव्हता. म्हणून त्याची बायको टँकरवाला, वाटसरू, जो भेटेल त्याला एक रिंग मारायला सांगायची. वेगवेगळे नंबर ते हेच. त्यांत आमच्या खबऱ्या चहावाल्याचाही होता.

"मीही दोनदा लावला होता," मी कबूल केलं.

"तरीच," बाई म्हणाली. "परवा उगाच दोनदा माघारी फिरला. मला वाटलं, लांडगा बघितला का काय."

हवालदारांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

मग मला उमगलं की मेंढरं तिन्ही विहिरींवर का होती. टँकर भरताना पाणी सांडतं. चोर मोटारीसाठी चालत्या विहिरीवर जातो, मेंढरं पाण्यासाठी. एवढी साधी गोष्ट यादीत लिहिलेली नव्हती. मी बाईला विचारलं, मोटार नेताना कुणाला पाहिलं का?

"पायलं की. दुरुस्तीवाला. निळा टेम्पो. तिनी डाव त्योच व्हता, डावा पाय वढीत चालतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनी इचारलंच नाय. आन दुरुस्तीवाला मोटार नेणारच की."

डावा पाय ओढणारा निळ्या टेम्पोचा मेकॅनिक शोधायला एक दिवसही लागला नाही. मोटारी त्याच्या शेडमध्ये मिळाल्या. जबाबात तो सरळ म्हणाला, "फोन घरीच ठेवून जायचो साहेब. टॉवरवरनं माग लागतो म्हणून." म्हणजे आमच्या जाळ्यात हजारो निर्दोष माणसं आणि एक मेंढा आला; चोर तेवढा बाहेर होता.

या तपासानं मला एक धडा दिला. फोन कुठे होता हे यंत्र सांगतं. माणूस कुठे होता, हे माणसालाच विचारावं लागतं आणि पायपीट करून तपासावं लागतं. दुसरं असं की, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यानं कशाला घाबरावं, हे वाक्य मीही तावातावानं बोलायचो. त्या तीन कुल्फ्यांनंतर बोललो नाही. गुन्हा नसला तरी माणसाची एखादी रविवार दुपार त्याची स्वतःची असते. पुराव्यापुरती पानं कोर्टात गेली. बाकीच्या याद्या मी वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन आमच्या संगणकावरून पुसायला लावल्या. कंपनीकडे त्या किती काळ राहिल्या, हे मला कुणी सांगितलं नाही. आता तर विजेरीचं अ‍ॅपसुद्धा तुम्ही कुठे आहात ते विचारतं, आणि आपण बिनदिक्कत 'हो' दाबतो.

मेंढपाळाची मी माफी मागितली. वर्दीत असताना मागितलेली ती माझी पहिली माफी. मग त्यानं विचारलं,

"साहेब, म्हंजी आमचा मेंढा कुठं चरतो, ते तुमाला ठाण्यात बसून दिसतं?"

"दिसतं."

"मग आमाला पाणी नाय, त्ये का नाय दिसत?"

मी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथेच तहसीलला पत्र लिहिलं की विहिरीवर जनावरांसाठी वेगळा हौद रोज भरावा. तो भरला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. मेंढा पहिला पुढे आला. "पानी पिताना कुनी रिंग द्यायची नाय," म्हणत बाईनं आधी त्याच्या गळ्यातला फोन काढून घेतला, मग त्याला पाणी पिऊ दिलं.