जात्यावर पाठ झालेलं संस्कृत

“हे काय आहे?” सेंटरच्या मुख्य साहेबांनी विचारलं.

“खुंटा,” मी म्हटलं.

“तो दिसतोय मला. परीक्षेच्या हॉलमध्ये कशाला?”

“विद्यार्थिनीला संस्कृत आठवायला लागतो.”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पनवेलच्या एका हायस्कुलात संस्कृतचा शिक्षक. डोक्यावर काळी टोपी, जिच्यावरून गावात चार माणसं मला ओळखतात, आणि हातात जात्याचा लाकडी खुंटा. शेजारी एसएससीला बसलेली हिरा, तिच्यामागे तिचे आईवडील. पेपर सुरू व्हायचा होता, पण साहेबांचा पारा आधीच चढला होता.

प्रकरण इथवर कसं आलं ते सांगतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट.

हिरा खाडीकाठच्या एका गावातली, मिठागरवाल्या धाऊ पाटलांची मुलगी. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे पनवेल गाठायचं, आणि पोरीला रोज एवढ्या लांब धाडायला पाटील राजी नव्हते. मग तिने घरीच अभ्यास सुरू केला. शाळेत न जाता थेट परीक्षा द्यायची, याला आम्ही ‘बाहेरून बसणं’ म्हणतो. बाहेरून बसणाऱ्याला सायन्स झेपत नाही, कारण प्रयोगशाळा काय माजघरात असते? म्हणून संस्कृत. बाकीचे विषय ती आपले आपण वाचायची. संस्कृतला माणूस लागतो, तो मी. रविवारी सायकल मारत जायचो.

पहिल्याच दिवशी पाटलांनी सांगून टाकलं, “मास्तर, येकदाच बसवनार. पास झाली तर ट्रेनिंगला जाऊ दे, मास्तरीन होऊ दे. नाय झाली तर माघात लगीन. मुलगा बगून ठेवलाय.”

तेव्हा एका विषयात गेलं की सगळ्या परीक्षेवर पाणी. हिराने दाराआडून सगळं ऐकलं होतं. पाटील बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “गुरुजी, मुलगा वंगाल नाय. पन मला शाला पायजे.”

तिच्या आईची अट निराळीच होती. “शिकवा खुशाल. पन पोरीचा हात रिकामा नाय बसाचा. माज्या घरात दलन हाय.”

तांदळाच्या भाकरीचं घर. दळण रोजचंच. मायलेकी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या, आई ओवी गुणगुणायची आणि मी ओटीवरून शब्द चालवायचो. शब्द चालवणं म्हणजे एका नामाची सगळी रूपं ओळीने म्हणणं: देवः, देवौ, देवाः. जात्याच्या एका फेऱ्याला एक रूप, हिरा मागोमाग म्हणायची. काय सांगू, अशी विद्यार्थिनी मला हायस्कुलात मिळाली नव्हती! पिठासारखं बारीक आणि सलग यायचं सगळं. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, पोरगी बोर्डात येईल.

परीक्षा जवळ आली तशी मी तिला पहिल्यांदा पाटावर बसवलं, पुढ्यात कागद ठेवला आणि म्हटलं, “देव चालव.”

हिरा कागदाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग जात्याकडे.

“आठवत नाय गुरुजी.”

“अगं, गेल्या रविवारी म्हणालीस ना!”

“तवा दलत होती.”

मी म्हटलं, थट्टा करते. जात्यावर बसवली. पहिल्या फेऱ्यालाच देव सुरू झाला तो सप्तमीपर्यंत थांबला नाही. उठवली, गप्प. बसवली, सुरू. हिराची आई, मी तिला बाई म्हणायचो, ती तर कपाळावर हात मारून म्हणाली, “मंग काय आता जातं न्याचं पनवेलीला?”

खोटं कशाला बोलू, बैलगाडीत घालून न्यायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

मग सुरू झाली आमची खरी तयारी. आधी रिकामं जातं फिरवायला लावलं. जमलं. मग वरच्या दगडातला खुंटा उपसला आणि नुसता तोच डाव्या हाताने जमिनीवर गोल फिरवायला सांगितला, उजव्या हाताने लिहायचं. पहिले दोन रविवार तिने कागदावर खुंटा फिरवला आणि पेनाने जमीन रंगवली. पण नंतर जमलं. तेव्हाच पाटील म्हणाले, “घेऊन जावा खुंटा. त्याला काय लागतंय!”

त्याला काय लागतंय ते आता साहेब सांगत होते.

“पेन, दौत, टीपकागद. बाकी काही आत जाणार नाही.”

“साहेब, मुलीचं वर्ष जाईल.”

“उद्या कोणी उखळ आणील, मास्तर! खुंटा बाहेर.”

हिरा रिकाम्या हाताने आत गेली. मी, पाटील आणि बाई कंपाउंडबाहेर चिंचेखाली. थोड्या वेळाने एक सुपरवायझर तरातरा आला.

“ती मुलगी हवेत हात फिरवते. खुणा करते. मागच्या दोघींनी पेन खाली ठेवलंय.”

“खुणा नाहीत हो, दळतेय ती.”

हे ऐकून तो साहेबांकडेच गेला. साहेबांनी हिराला हॉलमधून काढलं आणि मागच्या व्हरांड्यात एकटीला टेबल दिलं, तोंड भिंतीकडे. माणूस खडूस होता, पण पेपर काढून घेतला नाही, हे त्याचे उपकार. तो व्हरांडा नेमका चिंचेच्या समोर. आम्हाला हिराची पाठ दिसत होती. हात हवेत फिरे, मग थांबे. फिरे, थांबे.

“येकटीला जड जातंय,” बाई म्हणाली. “समोर हात नाय ना कोनाचा.”

मी काही म्हणायच्या आत बाईने चिंचेखाली बैठक मारली, पदर खोचला, उजवा हात गोल फिरवायला लागली आणि गळा मोकळा सोडला:

“मिठाच्या आगरात, मीठ पिकलं भरून,
नणंद आली गं माझी, तोंड वाकडं करून!”

हिराचा हात सुरू झाला. तिचा उजवा कोपरही हलायला लागला, म्हणजे पेन चालत होतं.

साहेब धावत आले. “बाई! बाहेरून उत्तरं पुरवताय?”

“ओवी गातंय. यात संस्कृत हाय का, तुमीच सांगा.”

साहेब पेचात पडले. त्यांना संस्कृत येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायचंही नव्हतं. “परत म्हणा,” ते म्हणाले. बाईने परत म्हटली. त्यांनी डोळे मिटून अख्खी ऐकली.

“मास्तर, यात विभक्ती आहे का?”

“मराठीतली आहे साहेब. ती तुमच्या बोलण्यातही आहे.”

“ही नणंद कोण? काही संकेत?”

“नणंद म्हंजे नणंद,” बाई म्हणाली. “घरी बायको असंल तर इचारा तिला.”

साहेबांनी घाम पुसला. “हळू आवाजात गा,” असं म्हणाले आणि आत गेले. जाताना पहिल्या ओळीची चाल गुणगुणत होते, हे मी ऐकलं.

बाई पेपर संपेपर्यंत गात होती. नणंद संपली, जाऊ झाली, सासू झाली. शेवटी घसा बसला तेव्हा पाटलांनी ओवी धरली. त्यांना एकच येत होती, ती त्यांनी पुन्हापुन्हा म्हटली. गाव काय म्हणेल याची त्या माणसाने पर्वा केली नाही.

हिरा पास झाली. बोर्डात वगैरे आली नाही, पण संस्कृतात उत्तम मार्क. पाटलांनी शब्द पाळला, बघून ठेवलेल्या मुलाला नकार कळवला आणि पोरीला ट्रेनिंगला स्वतः पोचवून आले.

त्यानंतर एकदा मी त्या बाजूला गेलो होतो, सहज डोकावलो. बाई जात्यावर एकटी बसली होती. खुंट्यावर हात, आणि जातं थांबलेलं.

“पोर गेल्यापासून दलन सरत नाय, मास्तर.”

“एकटीला जड जात असेल.”

“जड नाय. ते तुमचं देवः देवौ कानावर नसलं का हात मदेच थांबतो.”

“ओवी म्हणा की.”

“ओवी तोंडाला हाय. कानाला काय?” मग जरा लाजून म्हणाली, “बसा थोडं. येवढे तांदूल होऊ द्या.”

मी टोपी काढून ओटीवर बसलो आणि देव चालवायला घेतला. चतुर्थीपर्यंत आलो तेव्हा बाईने पदराने डोळे पुसले, पण हात थांबवला नाही. कुणाच्या घरी जाऊन शिकवणी खुशाल घ्यावी, पण त्या घरात ऐकणारे किती जण आहेत ते आधी बघून घ्यावं, एवढंच मी नव्या मास्तरांना सांगतो.