ऑस्ट्रेलियाला गेलेल्या अक्षता

ऑस्ट्रेलियात आमच्या गाडीची किंमत वाढली की इकडं चाकणजवळच्या कुरुळीत माझी झोप उडायची. ऐकणाऱ्याला हसू येतं. माझी जाऊ तर फोनवर खो खो हसली होती. म्हणाली, "अगं, तुला कुठं घ्यायचीय ती गाडी?" मला घ्यायची नव्हतीच. त्या गाड्यांमध्ये मी रोज बसते, पण सीटवरचं प्लास्टिक कधी निघालेलं नसतं आणि गाडी कधी हललेली नसते.

चाकणच्या एका कंपनीत मी कंत्राटावर काम करते. बॅटरीवर चालणाऱ्या ज्या गाड्या जहाजानं ऑस्ट्रेलियाला जातात, त्या निघण्याआधी आतून-बाहेरून साफ करून तपासायच्या, हे आमच्या शेडचं काम. गाडी पुसण्यात काय एवढं, असं मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण त्या देशाचं एक आहे. बाहेरून येणाऱ्या वस्तूबरोबर माती, बी, गवताची काडी, मेलेला किडा, काही म्हणजे काही आलेलं त्यांना चालत नाही. त्यांच्या शेतीला परक्या मुलखाची कीड लागू नये म्हणून ही काळजी. बंदरावर त्यांची माणसं टॉर्च घेऊन गाडीच्या खाली शिरतात, आणि काही सापडलं की अख्खा लॉट, म्हणजे एकत्र पाठवलेल्या सगळ्याच गाड्या, अडकतो. मग पुन्हा धुलाई, पुन्हा तपासणी, आणि तो सगळा खर्च गाडीच्या किमतीवर चढतो. म्हणून आम्ही बायका व्हॅक्यूमची नळी, ब्रश आणि टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीच्या फटीफटीत शिरायचो. मी परभणीकडची, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. बी दिसलं की जपून ठेवायचं ही लहानपणची सवय, आणि इथं पगार मिळायचा तो बी दिसलं की काढून टाकण्याचा.

आमचे सुपरवायझर सर कोकणातले. अंगानं काटकुळे, डोक्यावर मोजून चार केस, आणि हातात कायम तपासणीची यादी. त्यांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. दर सोमवारी सकाळी ते आम्हाला शेडच्या दारात उभं करायचे आणि तिकडच्या बाजाराची खबर द्यायचे. "किंमत परत वाढली. मागं जहाजाचं भाडं वाढलं होतं, आता डॉलर आणि बॅटरीचा माल. किंमत वाढली की गिऱ्हाईक थांबतं. गिऱ्हाईक थांबलं की ऑर्डर घटते. आपल्याकडून फालतू खर्च नको. जाळी, फट, कोपरा, सगळं बघा." एवढं बोलून ते यादी काखेत मारून निघून जायचे. कॅन्टीनमध्ये मी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. माझं तोंड पहिल्यापासूनच फटकळ, आणि चार बायका हसल्या की त्याला आणखी धार यायची.

पुढं पुढं मात्र ती खबर ऐकताना मला हसू येईना. गाड्या खरोखरच कमी येऊ लागल्या. दुपारनंतर शेड रिकामी पडायची आणि आम्ही पुसलेलेच ब्रश पुन्हा पुसत बसायचो. दिवाळीनंतर ऑस्ट्रेलियाची शेड बंद होणार आणि कंत्राटी बायकांना घरी पाठवणार, अशी कुजबुज सुरू झाली. माझ्या नवऱ्याच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. लेक बारावीला होती. माझं काम सुटलं असतं तर खोली सोडून गावाकडं जावं लागलं असतं, आणि तिची बारावी अर्धवट राहिली असती. गावाकडं परत गेलेल्या मुलीचं पुढं काय होतं, ते मी स्वतःवरून ओळखून होते. म्हणून मी टोमॅटोच्या भावापेक्षा जास्त लक्ष ऑस्ट्रेलियातल्या गाडीच्या भावावर ठेवायला लागले.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या पट्ट्यात यंत्रांचा मान असतो. लेथ असो, क्रेन असो, नाहीतर साधा पान्हा असो, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू आणि अक्षता मिळतात. फक्त ऑस्ट्रेलियाच्या गाड्यांना काही लावायचं नाही अशी सक्त मनाई होती. तांदळाचा दाणा म्हणजे बीच की. ही मनाई नव्या बायकांना दरडावून सांगणारीही मीच. "फूल न्हाई, हळद न्हाई, लिंबू न्हाई. हात लावला तर माझ्याशी गाठ हाय," असं मी दोन दिवस आधीपासून ओरडत होते.

आमची पूजा शेडच्या बाहेर झाली. व्हॅक्यूमला हार घातला, ब्रशांना कुंकू लावलं. आमच्यातल्या वयानं मोठ्या मावशी, मूळच्या कुरुळीच्या, ताट धरून उभ्या होत्या. सगळ्याजणी पेढे घ्यायला वळल्या आणि माझं लक्ष दाराजवळच्या गाडीकडं गेलं. पांढरी गाडी होती, लॉटमधली शेवटची. हा लॉट गेला की पुढचा येईल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या यंत्रांना कुंकू लागलं, आणि जिच्या जिवावर माझं घर चाललंय ती तेवढी कोरडी, हे मला बघवेना. मी मावशींच्या ताटातल्या चिमूटभर अक्षता उचलल्या, आत गेले, काचेच्या पायथ्याशी बॉनेटवर टाकल्या आणि डोळे मिटले. म्हटलं, "बाई, तिकडं तुझी किंमत जरा उतरू दे. माझ्या लेकीची बारावी होऊ दे."

लगेच भानावर आले. फडक्यानं बॉनेट पुसलं, व्हॅक्यूम फिरवला, टॉर्च मारून बघितलं. एक दाणा दिसला नाही. वायपरच्या खाली काळ्या प्लास्टिकची एक जाळी असते, तिच्या आत काही जाऊ शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती जाळी उघडून बघायचं आमच्या यादीत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी सर दारात उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात यादीऐवजी छापलेला फोटो होता. काळी जाळी, जाळीच्या आत पाच तांदूळ, कुंकवानं लाल झालेले, आणि शेजारी मापाला ठेवलेली पट्टी. लॉट तिकडच्या बंदरात अडकला होता. सगळ्या गाड्या पुन्हा साफ होणार होत्या. विकणाऱ्यांनी कळवलं होतं की हा खर्च किमतीत घालावा लागेल, नाहीतर पुढची ऑर्डर थांबवावी लागेल. किंमत उतरावी म्हणून टाकलेल्या माझ्या अक्षतांनी किंमत वाढवून ठेवली होती.

सरांनी विचारलं, "हे कुणाकडून झालं?" आणि मी काय केलं, ते सांगायला आजही जीभ जड होते. मी सगळ्यांच्या आधी ओरडले. "मी कोकलून सांगितलं होतं सगळ्यांना! ह्या नव्या बायकांना कळत न्हाई काही!" नव्या दोघीजणी एकमेकींकडं बघत राहिल्या. सरांनी फोटोची घडी घातली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगा, म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

कॅन्टीनमध्ये मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या. ताट त्यांनीच धरलं होतं, चिमूट कुणी उचलली ते त्यांना माहीत होतं. भाकरी मोडत त्या हळूच म्हणाल्या, "म्या कुनाला सांगनार न्हाई. पन त्या दोघींकडं बग जरा. डबा उघडला न्हाई त्यांनी." एवढंच बोलून त्यांनी माझ्या डब्यात लोणच्याची फोड टाकली. ती फोड तशीच राहिली. मी डबा बंद केला आणि उठले.

केबिनमध्ये सर फॉर्म घेऊन बसले होते. कारखान्यात कुठलीही चूक झाली की हा फॉर्म भरावा लागतो. त्याला सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. चूक का झाली, असं एकदा विचारायचं, मग त्या उत्तराला पुन्हा का, असं पाच वेळा, म्हणजे खरं कारण सापडतं.

मी दारातूनच म्हटलं, "सर, त्या अक्षता म्या टाकल्या."

त्यांनी पेन उचललं. "का टाकल्या?"

"खंडेनवमी होती."

"मनाई असताना का?"

"भीती वाटली."

"कशामुळं?"

"तिकडं किंमत वाढत चाललीय. तुम्हीच सांगता ना दर सोमवारी."

"त्याची तुम्हाला भीती का?"

"गाडी खपली न्हाई तर शेड बंद होईल. माझी पोरगी बारावीला हाय, सर."

ते लिहीत होते ते थांबले. मला वाटलं आता बोलणी बसणार, मग गेटपास परत मागणार. मी खिशातला पास चाचपूनही बघितला. सर काचेतून बाहेर बघत म्हणाले, "पाचवं मी भरतो. ताई, त्या दिवशी मी इथंच बसलो होतो. या काचेतून तुम्हाला बघितलं. ओरडायला म्हणून उठलो. पण तुम्ही डोळे मिटले होते. आणि मग माझेही हात जोडले गेले. माझाही मुलगा शिकतोय."

फॉर्मच्या खाली एक चौकट असते, जबाबदार कोण ती. तिथं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. मी म्हटलं, "सर, असं नका करू." त्यांनी फॉर्म फाईलमध्ये सरकवला. "वायपरखालची जाळी यादीत नव्हती. यादी मी केलेली आहे. आणि बघून गप्प बसलो तोही मीच. तुम्ही बाहेर जाऊन त्या दोघींची माफी मागा आणि त्यांना जेवायला सांगा." मी सहसा रडत नाही, भांडते. त्या दिवशी मी शेडच्या मागं जाऊन पोटभर रडले, आणि मग त्या दोघींसमोर हात जोडले. त्यातली एक म्हणाली, "जाऊ द्या ताई, डबा गार झालाय, चला." किती मोठ्या मनाच्या असतात बायका.

दुसऱ्या दिवशी यादीत नवी ओळ आली: वायपरची जाळी उघडून टॉर्चनं तपासणे. तिकडं लॉट साफ होऊन सुटला. गाडीची किंमत तिथं पुढंही वाढलीच, त्यातला आमच्या पाच दाण्यांचा वाटा किती ते देव जाणे. पण पुढची ऑर्डर आली. आधीपेक्षा लहान होती, आमचा ओव्हरटाइम गेला तो गेलाच, पण शेड चालू राहिली आणि एकीलाही घरी जावं लागलं नाही. मधल्या काळात मला मावशींकडून कळलं, की सरांना सगळ्या यार्डाचं प्रमुख करायचं ठरत आलं होतं. त्या सहीनंतर ते पद दुसऱ्या कुणाला तरी दिलं. सरांनी एका शब्दानं कधी काही जाणवू दिलं नाही. मी आभार मानायला म्हणून केबिनच्या दारात गेले की ते विचारायचे, "जाळी उघडली का?" मी हो म्हणायचे आणि परत यायचे.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी त्यांनी भंगारातून पोचा आलेलं एक बॉनेट मागून आणलं आणि गेटच्या बाहेर, वॉचमनच्या खोलीशेजारी भिंतीला ठोकून घेतलं. म्हणाले, "काय वाहायचं ते इथं वाहा. सगळ्या गाड्यांच्या वतीनं." तेव्हापासून ते बॉनेट हळदीकुंकवानं इतकं माखलंय की त्याचा मूळ रंग सांगता येत नाही. चिमण्या तिथले तांदूळ टिपतात. किंमत वाढल्याची खबर आली की मावशी मुद्दाम तिकडून चक्कर मारून येतात.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाले. पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्ही त्यांना गेटबाहेर बोलावलं आणि त्या बॉनेटशेजारी खुर्चीवर बसवलं. त्यांना ओवाळायचा मान बायकांनी मला दिला. कुंकू लावलं, निरांजन फिरवलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. मनात साठलेलं त्या वेळी आपसूक बाहेर आलं. "सर, माझी लेक नर्सिंगला हाय. ती तुमच्या त्या एका सहीमुळं. इतके दिवस म्हणायचं राहूनच गेलं. तुमचे उपकार मी विसरणार न्हाई." मी वाकून त्यांच्या पाया पडले. ते गडबडले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "माझा डबा आत शेडमध्ये राहिलाय."

ते उठले, आणि गेटपाशी अडखळून थांबले. आत लॉट उभा होता. सर मागं वळले, माझ्यासमोर डोकं खाली वाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, बघा." सगळ्याजणी हसायला लागल्या. मी ब्रश घेतला. त्या चार केसांतून, खांद्यावरून, पाठीवरून एकेक दाणा झटकला. डोळे भरून आल्यामुळं नीट दिसेना, म्हणून टॉर्च लावला. कॉलरच्या घडीत एक दाणा अडकला होता, कुंकवानं लाल झालेला.

"सर, एक हाय अजून," मी म्हटलं.

ते तसेच वाकून उभे होते. डोळे मिटलेले होते. "तो राहू द्या," ते म्हणाले. "मी आता आत येत नाही. डबा तुम्हीच आणा."

मी हात झटकले, बुटांचे तळ पुसले, आणि आत जाऊन त्यांचा डबा घेऊन आले.