बॉयलरवाला धसका

माझे साडू पालीला घाबरायचे. कुत्र्याला घाबरायचे, डॉक्टरला घाबरायचे, फोनची घंटा वाजली तरी दचकायचे. घरात कुकर लावला की पहिली शिट्टी व्हायच्या आत हे गृहस्थ स्वयंपाकघरातून पसार. आणि नोकरी काय, तर बॉयलरवाला! असल्या माणसाला बॉयलरवर ठेवणाऱ्या आमच्या मॅनेजरच्या अकलेचं मला कायम कौतुक वाटत आलं. कामावर सगळे त्यांना 'धसका' म्हणायचे. ते नाव मीच ठेवलं होतं, आणि आपल्याला काय नेमकं नाव सुचलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

आमची लाँड्री मोठी. चार हॉस्पिटलांच्या चादरी आणि गाऊन तिथे धुवायला यायचे. बॉयलरची वाफ भिंतीपलीकडच्या इस्त्रीखात्यात जायची. तिथे नऊ बायका कामाला, त्यात माझी बायको. तिची थोरली बहीण धसक्याला दिलेली, म्हणून आम्ही साडू. मी सुपरवायझर. म्हणजे खिशात दोन पेनं, पायात चकचकीत बूट, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कामात चुका काढायच्या.

साडूंची प्रार्थना हा तर वेगळाच तमाशा. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्हीही दर रविवारी जायचो, पण ते तासाभराचं काम. यांनी देवाला चोवीस तास ड्युटीवर ठेवलेलं. अंधाऱ्या कोठीत बल्ब बदलायला जायचं असलं, तरी दाराशी थांबून पुटपुटणार, "प्रभू, मला भीती वाटतेय. तू आहेस ना? चल मग." जसा काही थोरला भाऊच शेजारी उभा आहे.

"साडूभाऊ, बल्ब त्यालाच बदलू द्या की," मी म्हणायचो. "त्याला स्टूलही लागणार नाही."

सगळे हसायचे. तेही हसायचे आणि म्हणायचे, "मला एकट्याला नाही हो जमत." चाळिशी उलटलेला बाप्या हे चारचौघांत बोलतो आणि त्याला लाजही वाटत नाही, याची मला किळस यायची.

बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. ती मोठी लबाड. काठोकाठ भरली की लख्ख दिसते आणि पार रिकामी झाली तरी तशीच लख्ख दिसते. म्हणून तिच्याखालचा नळ दर तासाला उघडून बघायचा असतो. पाणी उडालं तर ठीक. नुसती वाफ फुसफुसली तर समजायचं, आत पाणी नाही आणि खाली आग पेटलेली आहे. साडू तासाला कसले थांबतात! दर दहा मिनिटांनी लांब उभे राहून, मान फिरवून, हात ताणून नळ उघडायचे. मी त्याची नक्कल अशी हुबेहूब करायचो की मॅनेजर पोट धरून हसायचा.

एक दिवस त्यांची दाढ ठणकायला लागली. दाताच्या डॉक्टरच्या नावाने पाचावर धारण बसलेली, पण मेहुणीने शेवटी हाताला धरून नेलंच. जाता जाता साडूंनी मला चारदा बजावलं, "तासाभरात येतो. नळ उघडून बघा हं. नुसत्या काचेवर जाऊ नका."

मला सांगतात! सुपरवायझरला!

मी काच बघितली. लख्ख. नळ उघडला की गरम पाणी बुटांवर उडतं, आणि बूट आदल्याच आठवड्यात घेतलेले. वहीत लिहिलं, 'पाणी पूर्ण', आणि खाली ऐटीत सही ठोकली.

साडू परतले ते सुजलेला गाल घेऊन. आल्या आल्या हात नळाकडे गेला. फुस्स. एक थेंब नाही. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप कधी बंद पडला होता कोण जाणे, मी तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी घाईघाईने पंपाच्या बटणाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट करकचून धरलं.

"पाणी नको! आतला पत्रा लाल झाला असेल. आता गार पाणी गेलं की सगळं उडेल."

"मग काय करायचं?"

"आग दाबायची. ओल्या राखेनं. मी राख भिजवतो, तुम्ही आधी बायकांना बाहेर काढा."

मी धूम ठोकली. पॅसेजमधून, इस्त्रीखात्याच्या उघड्या दारावरून, फाटकातून, थेट रस्त्यापलीकडे. दुसऱ्यांच्या भित्रेपणावर दहा वर्षं नकला करणारा हा शूरवीर एका उभ्या टेम्पोच्या मागे जाऊन बसला.

पुढचं मला बायकांकडून कळलं. साडू बादली भरायला पॅसेजमध्ये आले, तर इस्त्रीची यंत्रं चालूच. ते दारातून ओरडले, "सोडा सगळं, बाहेर पळा!" बायका धावत सुटल्या. मागे वळून बघितलं तर हे बॉयलरच्या खोलीच्या चौकटीला धरून उभे. पँट भिजलेली. मोठ्यांदा म्हणाले, "प्रभू, मला पळून जायचंय. खरंच जायचंय. तू पुढे हो, मी तुझ्या मागून येतो." एक बाई तेव्हाही फिदीफिदी हसली म्हणे. तशी सवय मीच लावलेली.

आणि ते आत गेले. भट्टीचं दार उघडून निखाऱ्यांवर फावड्याने ओली राख टाकत राहिले, आग पुरती दबेपर्यंत. मग हवेची झडप बंद केली आणि वाफेच्या दाबाचा काटा खाली येईपर्यंत तिथेच उभे राहिले. बाहेर आले ते फाटकापाशी भडाभडा ओकले. तेवढ्यात एक कुत्रं भुंकलं, तर दचकून फाटकाशी थांबलेल्या मेहुणीच्या मागे लपले.

मॅनेजर आधी चादरी अडकल्या म्हणून त्यांच्यावरच भडकला. मग तपासनीस आला, फुगलेला पत्रा त्याने दाखवला आणि म्हणाला, पंप चालू केला असतात तर इस्त्रीखातं जागेवर राहिलं नसतं. लगेच मॅनेजरने रंग बदलला. आमच्याकडे शिस्तच तशी, वगैरे. वहीतल्या माझ्या सहीबद्दल तपासनिसाने विचारलं तेव्हा मी खिसा चाचपू लागलो. दोन पेनं तेवढी खिशात होती.

रविवारी देवळात पाळकसाहेबांना भरतं आलं. "या बंधूनं भीतीवर विजय मिळवला!" असं गर्जून त्यांनी साडूंना उभं केलं. साडू पुढचा बाक धरून कसेबसे उठले.

"विजय नाही मिळवला," ते म्हणाले. "मला अजून भीती वाटते. पण मी आत गेलो तेव्हा तो माझ्याबरोबर होता. एकटा असतो तर गेलो नसतो."

आणि बसले. पाळकसाहेबांना देवाच्या करणीवर अर्ध्या तासाची साक्ष हवी होती, त्यांचं तोंड एवढंसं झालं. एरवी मी त्यावर महिनाभर विनोद केले असते. त्या दिवशी मला साडूंचा हेवा वाटला, अगदी सरळ हेवा. मी आजवर कशालाच घाबरलो नव्हतो, कारण घाबरायची वेळ येईल तिथे मी कधी उभाच राहिलो नव्हतो.

घरी बायको त्या दिवसापासून गप्प. जेवायला वाढायची, कपडे घड्या करून ठेवायची, तोंडातून अवाक्षर नाही. आठव्या दिवशी मला ते सहन होईना.

"एकदा काय ते बोलून टाक," मी म्हणालो. "पळालो मी. भित्रा आहे. शिव्या दे."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला.

"शिव्या कशाला देऊ? तुम्ही दारावरून धावत गेलात ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाकीच्या उठून बाहेर निघाल्या होत्या. मीच थांबवलं त्यांना. म्हटलं, भाऊजींना काहीतरी लागलं असेल, हे मदत आणायला चाललेत. आपल्याला धोका असता तर मला न सांगता गेले असते का?"