देऊळघाटच्या नदीतली लाल कापडं

नाशिकचा असून गोदावरीत मी कधी घोट्याच्या वर उतरलेलो नाही, आता बोला! पाण्याला मी घाबरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी दिवाळीनंतर बायकोच्या, म्हणजे मनीषाच्या, देऊळघाटच्या काकांचा फोन आला की रविवारी गावातले तीसेक जण नदी साफ करणार आहेत, तुम्हीही या. ती लगेच हो म्हणून बसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण सासरी नाही कसं म्हणणार?

जायचं असेल तर रेल्वेने मलकापूर गाठा, तिथून बुलढाण्याची एसटी. मलकापूरला आलूबोंडा गरमागरम मिळतो, पण बेताने खा, कारण पुढे राजूर घाटाची वळणं आहेत. मी तर डोळे मिटूनच बसलो होतो. बुलढाण्याहून देऊळघाटला जीप मिळते. भाडं किरकोळ, मात्र जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली कधी ते जीपवालाच ठरवतो.

भास्करकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. रविवारी सकाळी पुलाजवळ चहा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना गोळा करून सूचना दिल्या. मी तेव्हा पुलावर उभा राहून, याच ब्लॉगसाठी, फोटो काढत होतो. खाली नदी जलपर्णीने हिरवीगार झाकली होती. दिसायला सपाट मैदान, पण पाणी दिसतच नाही हेच मला भयंकर वाटलं.

माझी भीती ओळखून काकांनी मला काठावरचं काम दिलं. लांब बांबूची आकडी आणि रिकामं पोतं. लोक नदीत काय काय सोडतात! देवांच्या फुटक्या तसबिरी, निर्माल्याच्या पिशव्या, गेलेल्या माणसांची अंथरुणं, आणि ओटीची लाल कापडं तर विचारूच नका. काठावरून आकडीने एकेक ओढत मी अर्धं पोतं भरलं. तीन कापडं काठ्यांना गुंडाळलेली निघाली. काठ्या फेकल्या, कापडं पोत्यात कोंबली. जरा शेफारलोच होतो.

मनीषा कमरेएवढ्या पाण्यात जलपर्णी उपसत होती. पलीकडून काकांनी तिला हाक दिली, "मनू, लाल कापडाच्या अलीकडंच राह्यजो. त्याच्यापुढं डबरे हायेत."

"अजून दिसून नाही राह्यलं काका," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

मी पोत्यात पाहिलं. वाळू उपसून नदीत पडलेले खोल खड्डे काकांनी आदल्या दिवशी काठ्या रोवून दाखवून ठेवले होते, नदीतूनच निघालेली कापडं बांधून. आणि त्या खुणा मी कचरा समजून उपटल्या होत्या.

ओरडायला हवं होतं. मनीषाने एक पाऊल टाकलं. कुणाला कळायच्या आत काठ्या परत लावता येतील का, असा विचार डोक्यात आला. दुसरं. तिसरं. काका काय म्हणतील? चौथं.

"मनीषा, हलू नकोस! ती कापडं मी काढली!"

ती होती तिथेच थांबली. काका बांबूने तळ चाचपत तिच्यापर्यंत गेले. तिच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, त्यांनी बांबू टेकवला तर तो वरच्या टोकापर्यंत आत गेला. मी चिखलातच बसलो.

काठ्या नेमक्या कुठून काढल्या ते मलाच ठाऊक होतं, आणि काठावरून बोट दाखवून ते नीट सांगता येईना. काकांनी माझ्या कमरेला दोर बांधला. गुडघे, मांड्या, मग कंबर. पायाखालचा गाळ सरकला की मी काकांचा दंड धरायचो. तिन्ही कापडं लावून होईपर्यंत मी भीतीने थरथरत होतो, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

दुपारी पुलाखाली भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी होती. मला घास उतरेना. कुणीही रागावलं नाही. काका एवढंच म्हणाले, "खुणा पुन्हा लागल्या ना, जवाईबापू? मंग जेवा आता."

परत येताना घाटात दरीकडची खिडकी मिळाली. डोळे मिटले की ती चार पावलंच दिसायची, म्हणून उघडे ठेवले.

घरी आल्यावर हे लिहिलं तेव्हा ती पावलं मी गाळली होती. कळल्याबरोबर ओरडलो, असं लिहून मनीषाला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

"तुम्ही पोत्यात पाहिलं ते मला दिसलं होतं," ती म्हणाली. "मग एवढा वेळ काऊन लागला?"

लाज वाटली, मी म्हणालो. काकांची, सगळ्या गावाची.

मोबाईल माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "हे पण लिहा."